नळीतला लाल ठिपका

"मामा, हे काय करताय?"

विशाखाचा आवाज इतका चढला की कडेवरची लेक यशू दचकली. गार्डरूमच्या ओट्यावर पोतं अंथरून तिचे सासरे लिंबाजी बसले होते. मांडीवर कारखान्याची रायफल आडवी, आणि त्या रायफलीच्या पाठीवर काल सोलापूरच्या कारागिरानं अख्खी दुपार खपून बसवलेली नेम धरायची काळी नळी आता पोत्यावर होती. शेजारी चार स्क्रू, ओळीनं मांडलेले.

"काय म्हंजे? काल इतक्या गोळ्या उडाल्या हिच्यातनं," मामा म्हणाले. "हत्यार चाललं की साफ करायचं. त्याच्यात इचारायचं काय?"

"पण नळी कशाला काढली?"

"मग बुडाला धूळ राहू देऊ? उंद्या गंज चढंल." त्यांनी नळीच्या काचेवर फुंकर मारली, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं ती पुसली आणि उजेडात धरून पाहिली. "बसवतो की परत. जिथली तिथं. एकेक इस्क्रू ध्यानात हाय माज्या."

आणि त्यांनी खरंच बसवली. जिथली तिथं. स्क्रू आवळताना त्यांच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या. विशाखा रिकामी घागर कमरेवर घेऊन बघत राहिली.

कारागीर काल काय बोलला होता ते फक्त तिनं ऐकलं होतं. कारखान्याचे व्हाइस चेअरमन तात्याराव तोवर जीपमधून निघून गेले होते. मामा गेटावर ड्यूटीला होते. दुसरा गार्ड भीमाशंकर लांब बांधाच्या एका कडेला, पडलेला डबा पुन्हा उभा करायला थांबला होता. ती नळावर पाणी भरत होती. कारागिरानं एक गोळी झाडायची, बांधापर्यंत चालत जायचं, भोक बघायचं, परत येऊन नळीवरचा बारका स्क्रू पाव आटा फिरवायचा, पुन्हा गोळी. असं दहा वेळा. शेवटी घाम पुसत तो कुणाकडे न बघताच म्हणाला होता, "जमलं. आता हिला कुणी हात लावायचा नाही बघा. केसभर हलली तरी तिकडं वीतभर फरक."

आणि आज, रविवारी, नऊ वाजता चाचणी होती.

विशाखानं घागर नळाखाली लावली. धार करंगळीएवढी, पण स्वच्छ. कारखान्याच्या बोअरचं पाणी. शहाऐंशीचा तो उन्हाळा असा होता की परंड्याकडच्या रस्त्यावर टँकर दिसला की लोक त्याच्यामागे पळायचे. ऊस नव्हता, म्हणून गाळप नव्हतं. धुराडं थंड पडलं होतं, आणि उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मोकळ्या आवारात सरकारनं गुरांची छावणी उघडली होती. या सगळ्या ओसाडीत चार क्वार्टर्स आणि त्यांच्यासमोरचा हा एक नळ. मागच्या उन्हाळ्यात ती तेरला, सासरच्या गावी होती. तिथलं पाणी पिऊन सहा महिन्यांच्या यशूला हगवण लागली. चौथ्या दिवशी पोरीचे डोळे आत गेले, टाळू खोल गेली, आणि रडायचंही तिनं सोडून दिलं. डॉक्टरनं सलाईनची सुई पायाच्या शिरेत घातली तेव्हा पोरगी हललीसुद्धा नाही. नवरा मिलिंद चिंचवडला कामाच्या शोधात, एका खोलीत सहा जणांत राहणारा. मामांनीच सांगितलं, "चल माज्यासंगं कारखान्यावर. तिथं पानी हाय."

तेव्हापासून विशाखा प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवून असायची. घागरीवर फडकं आहे का, यशूनं तोंडात काय घातलं, छावणीच्या बाजूनं कुत्री का भुंकताहेत.

कुत्री भुंकायची त्याला कारण होतं. छावणीच्या कडेला लांडगा यायला लागला होता, तोही भरदिवसा. दोन वासरं गेली. गेल्या आठवड्यात बाभळीखाली निजलेल्या एका पोराचा सदरा धरून त्यानं दहा पावलं ओढत नेलं, आई बोंबलत धावली म्हणून पोर वाचलं. मामांनी लांडग्याला दोनदा पाहिलं होतं, इतरांच्या कितीतरी आधी, पार लांबून. पण रायफल खांद्याला लावेपर्यंत तो बांधाआड झाला.

हे का झालं, तेही विशाखाला ठाऊक होतं. मामांना लांबचं गिधाड दिसायचं, पण मिलिंदचं पत्र ते हात पार ताणून धरायचे आणि तरी तिच्याकडूनच वाचून घ्यायचे. रायफलीवर दोन खुणा असतात. मागे डोळ्याजवळ एक खाच, आणि पुढे रायफलीच्या टोकाला उभी बारकी माशी. खाचेत माशी आणि माशीवर सावज, तिन्ही एका ओळीत आलं की नेम. उस्मानाबादच्या कॉलेजात एन.सी.सी.ला असताना विशाखानंही तसा नेम धरला होता. सुभेदारसाहेब ओरडायचे, माशी बघा, माशी! तीच माशी मामांना आता दिसत नव्हती. छप्पन्न वर्षांच्या डोळ्यापुढे ती फुगून, केसाळ होऊन तरंगायची. शोधून काढेपर्यंत वेळ जायचा. पलटणीतून नायक म्हणून निवृत्त झालेला माणूस हे कुणाला सांगणार?

आणि अशात तात्यारावांच्या जावयानं, बोटीवरच्या इंजिनिअरनं, परदेशातून ती नळी आणली. तिच्यात डोळा घातला की काचेवर लाल ठिपका दिसायचा. खाच नाही, माशी नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका जिथं, गोळी तिथं. काल संध्याकाळी मामांनी दोन गोळ्या झाडून पाहिल्या. दोन्ही डब्यात. लहान पोरासारखे हसत ते क्वार्टरपर्यंत आले होते. "आगं, डबाबी साफ दिसतुया आन ठिपकाबी साफ! असलं पलटणीत का दिलं न्हाय आमाला?"

काल रात्री विशाखा कितीतरी महिन्यांनी शांत झोपली होती. कारण गाळप बंद म्हणून संचालक मंडळाला दोनऐवजी एकच गार्ड ठेवायचा होता. तात्यारावांनी सरळ सांगितलं होतं, "लांडगा काय उभा ऱ्हाऊन नेम धरू देत न्हाय. चार मोजूस्तवरच डबा वर ऱ्हाईल. पाच-पाच गोळ्या. ज्याचा हात चालंल त्यो ऱ्हाईल. दुसऱ्यानं महिनाअखेर क्वार्टर सोडायचं, तिथं मला छावणीचा डॉक्टर ठेवायचाय."

घागर भरून वाहू लागली तरी ती उभीच होती.

सांगावं? तात्यारावांना सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, हात कुणी लावला? जावयानं आणलेली वस्तू बिघडवणारा म्हातारा. मग चाचणी कसली आणि काय कसलं. कारागीर सोलापूरला, आणि नळी पुन्हा जुळवायला दहा गोळ्या कोण देणार? आणि न सांगितलं तर?

न सांगितलं तर भीमाशंकरच्या सगळ्या गोळ्या वाया जातील. मामांनी जुन्या माशीनं एक डबा जरी फोडला तरी पुरे.

हा विचार कुठून आला ते तिला कळलं नाही. पण तो आला, आणि गेला नाही. तिनं चुळकाभर पाणी तोंडावर मारलं आणि ओट्यापाशी गेली.

"मामा, तुम्ही आज जुन्या माशीनंच मारा."

"का गं? काल तर बघितलंस तू."

"काल दिवस कलला होता. नऊच्या उन्हात तो ठिपका फिका पडतो. दिसतच नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं." कॉलेजात असली नळी कुणी चित्रातही पाहिली नव्हती.

मामांनी रायफल गजाला टेकवली. जरा वेळ नळीकडे बघत राहिले. हातातलं खेळणं कुणी काढून घ्यावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "तुला ठावं असंल तर खरंच असंल. शिकल्याली हायेस."

"आणि भीमाशंकरभाऊंना आधी मारू द्या. तुम्ही मागनं."

"बरं."

एवढंच. एकदाही त्यांनी उलटून विचारलं नाही.

नऊला आवारात माणसं जमली. छावणीतले शेतकरी, चार संचालक, कारखान्याची उरलीसुरली माणसं. साठ पावलांवर मातीचा बांध. बांधाच्या वर बांबूला दोरी बांधून तेलाचा रिकामा डबा. दोरी ओढायला गोरोबा शिपाई, पंधरा हात बाजूला खड्ड्यात बसलेला.

"तात्यासाहेब, डबा समजून मलाच नका उडवू म्हणावं!" तो खड्ड्यातून ओरडला. माणसं हसली.

विशाखा कडुनिंबाच्या अर्ध्या सावलीत उभी होती. शेजारी शांतम्मा, भीमाशंकरची बायको, नळदुर्गकडची. दोघींची क्वार्टर्स भिंतीला भिंत. यशूला ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारी शांतम्माच होती. तिच्या खांद्यावर तिची तीन महिन्यांची पोर झोपली होती.

"तुजं काय बाई," शांतम्मा पुटपुटली, "तुज्या सासऱ्याचा हात मिलिटरीचा. आमचा गडी एक डोळा मिटाया जातो आन दोनी मिटतो. म्या म्हनलं, नळीत दोनी उघडेच ठेवायचे हायत, तेवढं तरी जमंल का न्हाय?"

विशाखानं हसण्याचा प्रयत्न केला.

भीमाशंकर पुढे आला. गोरोबानं दोरी ओढली, डबा वर आला. तात्याराव मोठ्यानं मोजू लागले, "एक, दोन—" आणि दोनलाच बार उडाला. झपाट्यानं आला होता नेम. बांधावर धुळीचा फुगा उठला. डबा खाली गेला, तसाच.

"डबा जित्ता हाय!" गोरोबा ओरडला.

दुसरा बार. पुन्हा धूळ. तिसरा. पुन्हा धूळ.

"काय रे भीमा?" तात्याराव म्हणाले. "परदेशी डोळा लावून बी आंधळाच का?"

माणसं हसली. भीमाशंकर हसला नाही. त्यानं रायफल खाली घेतली, नळीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. मानेवरून घाम ओघळत होता. शांतम्मानं विशाखाचं मनगट पकडलं होतं. कधी पकडलं ते तिला स्वतःलाही कळलं नसावं. तिची बोटं थंडगार होती.

"ठिपका बराब्बर डब्यावर व्हता," भीमाशंकर म्हणाला. आवाज चिरकला. "देवाशपथ. बराब्बर डब्यावर."

दोन गोळ्या राहिल्या होत्या. आणखी दोन वाया गेल्या की झालं. विशाखा मनात म्हणत होती, होऊ दे, लवकर होऊ दे. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं की कुणीतरी हे थांबवावं.

"थांबा," मामा म्हणाले.

ते सावलीतून बाहेर आले होते. डोळे बारीक करून बांधाकडे बघत होते. "भीमा, बोल्ट उघड. रायफल जमिनीवर ठेव." भीमाशंकरनं ठेवली. मामा एकटेच चालत बांधापर्यंत गेले. तिथं वाकले, मातीत काहीतरी चाचपलं, आणि उजव्या हाताचा पंजा बांधावर टेकवला. लोकांकडे तोंड करून तसेच उभे राहिले.

"तिनी गोळ्या माज्या ह्या पंजाखाली हायत," ते मोठ्यानं म्हणाले. "डब्याच्या डाव्या अंगाला, वीतभर खाली. तिनीबी एकाच जागी. ज्याचा हात हालतो त्याच्या गोळ्या चहूकडं उडत्यात. ह्यो गडी चुकत न्हाय. हत्यार हाललंय."

मामा परत येऊ लागले. निम्म्या वाटेत त्यांची चाल मंदावली. विशाखाला ते स्पष्ट दिसलं. पाऊल उचललेलं, मग क्षणभर तसंच. त्यांना काहीतरी आठवलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेच वाईट होतं.

ते तात्यारावांसमोर येऊन ताठ उभे राहिले. "साहेब, हालवलं म्या. सकाळी नळी काढून पुसली आन परत बसवली. माजी चूक हाय."

"काढली?" तात्यारावांचा आवाज चढला. "आरं, कारागीर अख्खी दुपार काय झक मारत व्हता का तिथं? त्यानं सांगितलं न्हाय का हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं असंल. म्या गेटावर व्हतो. मला कुनी सांगितलं न्हाय."

यशूला दुसऱ्या कडेवर घेण्याचं निमित्त करून विशाखा वळली. शांतम्माची बोटं अजून मनगटावर होती.

"तुमीच बिघडवलं आन तुमीच सांगताय," एक संचालक म्हणाला. "गप बसला असता तर तुमचंच जमलं असतं की लिंबाजीराव."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "भीमाला तीन गोळ्या परत द्या. आन हुकलेल्या मोजू नका." मग भीमाशंकरकडे वळून म्हणाले, "डब्यावर धरू नगं. डब्याच्या उजव्या कानाच्या बाहीर वीतभर, आन वीतभर वर. रिकाम्या हवंत ठिपका धर आन चाप दाब. डब्याकडं ध्यानच देऊ नगं."

"रिकाम्या हवंत, मामा?"

"माज्यावर इस्वास हाय का न्हाय?"

भीमाशंकरनं रायफल उचलली. पाच वेळा डबा वर आला. पहिला बार चुकला. पुढचे चार डब्यात. प्रत्येक बार दोनच्या आत, तिनाच्या आत. शेवटच्याला डबा दोरीवरून सुटून बांधापलीकडे गडगडत गेला आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. शांतम्मा रडत होती. तिची पोर जागी होऊन तीही रडायला लागली.

मामांच्या पाळीला त्यांनी स्वतःच नळी उतरवली. "म्या बिघडवल्याल्या नळीवर म्या मारनार न्हाय." दुसरा डबा बांधला. नुसती खाच आणि माशी.

पहिला डबा वर आला. मामांच्या गालाला रायफल टेकली होती, एक डोळा मिटलेला, बोट चापावर. "एक, दोन, तीन, चार." डबा खाली गेला. बार उडालाच नाही. माणसं चुळबुळली. दुसऱ्याला त्यांनी झाडली, आणि डबा खणकन वाजला. तिसऱ्याला डबा खाली जाताना बार उडाला, उशिरा. चौथा पुन्हा खणकन. पाचव्याला त्यांचं डोकं किंचित मागे सरकलं, मग पुढे आलं. अंधारात किल्ली शोधणाऱ्या माणसासारखं, तेही दिवसाढवळ्या. चार मोजून झाले. त्यांनी रायफल खाली घेतली आणि न झाडलेल्या दोन गोळ्या काढून तात्यारावांच्या हातात दिल्या.

चार आणि दोन. सांगायची गरज नव्हती.

"हात मिलिटरीचाच हाय तुमचा," तात्याराव खालच्या आवाजात म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "पर पळत्या जनावराला चार मोजून चालत न्हाय."

"व्हय," मामा म्हणाले. "न्हाय चालत."

महिना संपायच्या दोन दिवस आधी त्यांनी क्वार्टर सोडलं. शांतम्मानं यशूसाठी बाजरीच्या भाकरी आणि गुळाचा खडा बांधून दिला. भीमाशंकरनं ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली, आणि गाडी हलेपर्यंत तो टोपी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. विशाखाला त्याच्याकडे बघवेना.

त्या सगळ्या दिवसांत ती मामांच्या एका प्रश्नाची वाट बघत होती. ताट वाढताना, अंथरूण घालताना, एस.टी.त त्यांच्याशेजारी बसताना. तुला ठावं व्हतं का गं? त्यांनी विचारलंच नाही. यशूला खिडकीतून ओसाड रानं दाखवत राहिले.

तेरला तेरणेच्या पात्रात बायकांनी वाळूत खड्डे उकरले होते. दिवस उगवायच्या आत तिथं रांग लागायची. मामांनी रांग धरली नाही. पात्रात पार वरच्या अंगाला, जिथं कुणी जात नव्हतं, तिथं ते फावडं घेऊन गेले आणि दोन दिवस एकटे खणत राहिले. तिसऱ्या सकाळी विशाखा यशूला घेऊन तिथं पोचली तेव्हा खड्डा त्यांच्या छातीएवढा झाला होता. तळाशी ओलावा काळा पडला होता, आणि त्यात पाणी हळूहळू डोळा उघडत होतं.

मामा खाली उतरले. वाटीनं पाणी घागरीत भरू लागले. एक वाटी, दोन वाट्या. वाळूत गुडघे रुतलेले, पाठीवर सदरा चिकटलेला.

"मामा," विशाखा काठावरून म्हणाली. "कारागीर बोलला होता ते मी ऐकलं होतं. मला ठाऊक होतं."

मामांचा हात थांबला नाही. वाटी पाण्यात गेली, वर आली.

"व्हय," ते म्हणाले. "बांधावरनं येताना तुजं ते माशीचं बोलनं आठवलं. तवाच कळलं मला."

आणखी दोन वाट्या घागरीत पडल्या. मग त्यांनी घागर दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवली, तिच्या पुढ्यात. पाणी गढूळ होतं. यशू हात पुढे करून घागरीकडे झेपावली.

"थांब, लगीच देऊ नगं तिला," खड्ड्यातून मामा म्हणाले. "खाली बसू दे अदूगर. मग वरचं वरचं वतून घे."

विशाखा वाळूत बसली. यशूला तिनं मांडीत घट्ट धरलं, आणि तिघंही पाणी निवळायची वाट बघत राहिली.